पहिल्यांदा फ्लॅट भाड्याने देणाऱ्यांसाठी: चौकशीपासून किल्ली परत हातात येईपर्यंत

सिंहगड रस्त्यावरचा आमचा वन बीएचके पहिल्यांदा भाड्याने दिला, तेव्हा भाडेकरू बघून मी अगदी निर्धास्त झाले होते. नवरा-बायको, एक शाळकरी मुलगी, बोलणं नम्र, येताना पेढ्यांचा पुडा. करार एजंटाने अर्ध्या तासात उरकला: स्टॅम्पपेपर, नोटरीचा शिक्का, दोन सह्या. नवव्या महिन्यापासून भाडं पुढे-मागे व्हायला लागलं. अकरा महिने संपले तर "वार्षिक परीक्षा होऊन जाऊ दे, ताई." परीक्षा झाली, मग गावाकडे लग्न निघालं. शेवटी वकिलाकडे गेले. त्यांनी माझी सगळी रामकहाणी मधेच थांबवून एवढंच विचारलं, "करार रजिस्टर केलाय का?" नव्हता केला. सोळाव्या महिन्यात दोन महिन्यांच्या भाड्यावर पाणी सोडून घर सोडवून घेतलं.

त्यानंतर तीन भाडेकरू झाले, आणि एव्हाना माझं मत पक्कं झालंय: माणूस ओळखण्यात चूक सगळ्यांचीच होते, ती निस्तरता येते. कागदात आळस केला तर भला माणूससुद्धा तुम्हाला अडकवू शकतो. खालचं सगळं महाराष्ट्रातल्या राहत्या घरांबद्दल आहे. दुकान-ऑफिसचे नियम वेगळे आहेत, ते या लेखात शोधू नका.

१. आधी समजून घ्या: तुम्ही घर "भाड्याने" देत नाही आहात

बोलताना आपण भाडेकरू, भाडं असंच म्हणतो (मीही पुढे तसंच म्हणणार आहे), पण कागदावर जे करायचं ते लिव्ह अँड लायसन्स. भाडेपट्टा म्हणजे लीज, त्यात घरावरचा हक्क काही काळापुरता समोरच्याकडे जातो. लायसन्समध्ये फक्त वापरण्याची परवानगी जाते, ताबा कायद्याने तुमचाच राहतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ मधल्या कलम २४ ने राहण्यासाठी लायसन्सवर दिलेलं घर मुदत संपल्यावर परत मिळवण्याचा वेगळा आणि त्यातल्या त्यात वेगवान रस्ता ठेवलाय. आपल्यासारख्या एक-दोन फ्लॅटवाल्यांचा सगळा डोलारा या एका कलमावर उभा आहे.

घरातली मोठी माणसं "घर रिकामं राहिलं तरी चालेल, पण भाड्याने नको" म्हणतात, त्यालाही कारण आहे. मुंबई भाडे कायदा, १९४७ मध्ये १९७३ साली दुरुस्ती झाली आणि १ फेब्रुवारी १९७३ रोजी जे लायसन्सवर राहत होते त्यांना कायद्याने संरक्षित भाडेकरू करून टाकलं. परवानगीने आलेला माणूस एका तारखेने कायमचा झाला. ती धास्ती दोन पिढ्या टिकली, यात नवल नाही. आजचा कायदा तसा नाही.

आणखी दोन समज इथेच निकालात काढू. "बारा वर्षं राहिला की घर त्याचं होतं" हे अर्धवट ऐकलेलं आहे. प्रतिकूल ताब्याचा दावा करायला ताबा मालकाच्या हक्काला न जुमानता असावा लागतो. तुमच्या परवानगीने, करार करून राहणाऱ्याचा ताबा तसा नसतो. दुसरं, "देशभर नवा भाडेकायदा आला, डिपॉझिट दोनच महिन्यांचं" असे फॉरवर्ड अधूनमधून फिरतात. ते केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्याबद्दल असतात. तो नमुना आहे. राज्याने आपला कायदा करून स्वीकारल्याशिवाय लागू होत नाही. आपण वाचायचा तो १९९९ चाच.

२. भाडेकरू शोधण्याआधी स्वतःची फाइल लावा

हे जवळ ठेवा:

- घराचं इंडेक्स टू (नोंदवलेल्या दस्ताचा नोंदणी कार्यालयाकडून मिळणारा उतारा) किंवा खरेदीखताची प्रत
- ताजं वीजबिल आणि मिळकतकराची पावती
- सोसायटीच्या देखभाल खर्चाची शेवटची पावती
- आधार आणि पॅन, घर दोघांच्या नावावर असेल तर दोघांचीही
- मालक परगावी किंवा परदेशी असेल तर मुखत्यारपत्र

सहमालक करारात राहून गेला तर पुढे तोच वाद होतो, म्हणून दोघांच्याही सह्या घ्या. परदेशात केलेलं मुखत्यारपत्र महाराष्ट्रात आल्यापासून ३ महिन्यांच्या आत मुद्रांकित करून घ्यावं लागतं. पुष्कळ जणांचं पाकीट कपाटातच राहतं आणि नेमकं नोंदणीच्या दिवशी आठवतं. घरावर कर्ज असेल तर कर्जकरारात भाड्याने देण्याबद्दल काय अट आहे तेवढं वाचून घ्या.

गुंतवणूक म्हणून आत भाडेकरू असलेला फ्लॅट विकत घेत असाल तर "भाडं चालूच आहे, पहिल्या दिवसापासून उत्पन्न" या वाक्याला भुलू नका. मूळ करार बघायला मागा, मुदत बघा, डिपॉझिट कोणाकडे आहे ते विक्रीच्या कागदात लिहून घ्या. माझा सल्ला विचाराल तर रिकामा ताबा घ्या आणि तोच माणूस ठेवायचा असेल तर तुमच्या नावाने नवा करार करा.

३. माणूस पारखणं

यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवते, आणि अजूनही चुकते.

पगाराची स्लिप बघून समाधान मानू नका. ती घरच्या संगणकावर दहा मिनिटांत तयार होते. एकदा एका स्लिपवर मूळ पगार, घरभाडे भत्ता आणि बाकीचे भत्ते यांची बेरीजच जुळत नव्हती. साडेतीन हजारांचा फरक. विचारल्यावर "एचआरची चूक असेल" असं उत्तर आलं. असेलही. पण मग बँकेचं सहा महिन्यांचं स्टेटमेंट मागितलं, ते काही आलं नाही. स्टेटमेंटमध्ये मी दोनच गोष्टी बघते: पगार दर महिन्याला साधारण एकाच तारखेला जमा होतो का, आणि आत्ताच्या घराचं भाडं वेळेवर जातं का. बाकीचे खर्च बघणं आपलं काम नाही. समोरच्याने ते झाकून दिले तरी चालेल, असं मी आधीच सांगते.

भाडं पगाराच्या किती असावं याला कायदा नाही. घरात येणाऱ्या पैशाच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त भाडं जात असेल तर मी सावध होते.

आत्ताच्या घरमालकाला फोन करा, पण त्याचं कौतुक मापात घ्या. त्याला तो भाडेकरू घालवायचा असेल तर तो कौतुकच करणार! त्याच्या आधीच्या मालकाचा नंबर मागा. त्याला आता काही घेणं-देणं उरलेलं नसतं. "भाडं किती तारखेला यायचं?" आणि "डिपॉझिटमधून किती कापलं?" असे उत्तरात आकडा यावा लागेल असे प्रश्न विचारा. "माणूस कसा आहे?" असं विचारलं तर "चांगला आहे" एवढंच ऐकू येतं. मी एकदा सरळ आधीच्या इमारतीत जाऊन वॉचमनशी बोलले. त्याने पहिल्याच वाक्यात सांगितलं, "दोन जणांचं अ‍ॅग्रीमेंट होतं मॅडम, राहायचे सहा जण."

त्यावरून पुढचा मुद्दा. प्रत्यक्ष राहणार कोण, हे नावांसकट लिहून घ्या. नोकरी करणारी तीन मुलं मिळून घर घेत असतील तर तिघांनाही करारात पक्षकार करा. एकाच्याच नावाने केलं आणि तो नोकरी बदलून बंगळूरला गेला, तर मागे राहिलेल्या दोघांशी तुमचा कागदोपत्री काही संबंधच राहत नाही.

ओळखपत्रासाठी आधार कार्डाची झेरॉक्स पुरत नाही. कार्डावरचा क्यूआर कोड आधारच्या अधिकृत अ‍ॅपने स्कॅन केला की नाव, फोटो ताडून बघता येतो. पॅनवरचं नाव आणि स्टेटमेंटवरचं नाव जुळवा. आणि हे कागद तुमच्याकडे विश्वासाने आलेत, ते सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू नका. हे सांगावं लागतं, कारण मी ते टाकलेले पाहिले आहेत.

एक फसवणूक खास घरमालकांसाठी बेतलेली आहे. जाहिरात टाकल्यावर तासाभरात फोन येतो: मी लष्करात आहे, पुण्यात बदली झालीय, घर फोटोवरूनच पसंत आहे, डिपॉझिट आत्ता पाठवतो. मग गणवेशातला फोटो, ओळखपत्र, आणि "आमची अकाउंट सिस्टिम वेगळी आहे, हा क्यूआर स्कॅन करून एक रुपया टाकून बघा." पैसे घेण्यासाठी क्यूआर स्कॅन करावा लागत नाही आणि पिन तर कधीच टाकावा लागत नाही. घर न बघता डिपॉझिट द्यायला निघालेला माणूस दिसला की फोन ठेवून द्या.

आडनाव, जात, ताटात काय असतं, लग्न झालंय का, यावरून माणूस नाकारायची आपल्याकडे फार खोड आहे. नैतिक भाग क्षणभर बाजूला ठेवला तरी व्यवहार म्हणून ती चाळणीच चुकीची आहे. माझे पेढेवाले तिच्यातून पहिल्या झटक्यात पास झाले होते. सगळ्यात वेळेवर भाडं देणारी निघाली ती एकटी राहणारी नर्स, जिला आमच्या आधी चार घरांनी नकार दिला होता.

४. डिपॉझिट

डिपॉझिट किती घ्यायचं हे परस्पर ठरतं. मी निदान तीन महिन्यांच्या भाड्याएवढं घेते. हिशेब सोपा: एक महिना भाडं थकल्यावर तुमच्या लक्षात येतं, दुसरा समजावण्यात जातो, तिसरा नोटिशीत.

पैसे बँकेतूनच घ्या. टोकन म्हणून घेतलेले पाच-दहा हजारही, आणि ते परत करायचे की नाही हे मेसेजवर आधीच स्पष्ट लिहा. हेवी डिपॉझिट, म्हणजे भाडं नाही किंवा नावापुरतं आणि मोठी रक्कम बिनव्याजी, हा प्रकार मुंबईकडे सर्रास चालतो. मला तो मालकाच्या दृष्टीने धोक्याचा वाटतो. तेवढी रक्कम परत द्यायची वेळ आली आणि ती तुम्ही दुसरीकडे गुंतवलेली असली, तर घर अडवून बसायला भाडेकरूला तुम्हीच सबब दिलीत.

५. करारात काय हवं

एजंटाकडे छापील मसुदा असतो. तो वाचा. पहिल्या वेळी मी वाचला नव्हता. त्यात माझ्या फ्लॅटचा मजलासुद्धा चुकला होता. हे मुद्दे तपासा:

- मुदत कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, दोन्ही तारखा स्पष्ट
- भाडं, ते किती तारखेपर्यंत, कोणत्या खात्यात
- डिपॉझिटचा आकडा, आणि ते घर रिकामं करतानाच परत मिळेल हे वाक्य
- लॉक-इन (ज्या काळात करार मधेच मोडता येत नाही) किती महिने, नोटीस किती दिवसांची, दोन्ही बाजूंना सारखी आहे का
- देखभाल खर्च, वीज, गॅस, पाणी कोणाकडे
- वापर फक्त राहण्यासाठी. पोटभाडेकरू, पेइंग गेस्ट किंवा कोणताही धंदा नाही
- राहणाऱ्यांची नावं
- किरकोळ दुरुस्ती कोणाची, मोठी कोणाची
- पूर्वसूचना देऊन घर पाहायला येण्याचा मालकाचा हक्क
- घरातल्या वस्तूंची यादी, परिशिष्ट म्हणून

भाषेकडेही लक्ष द्या. संपूर्ण मसुद्यात लायसन्सर (मालक) आणि लायसन्सी (राहणारा) लिहिलंय आणि मधेच एका कलमात "भाडेपट्टेदाराला घराचा अनन्य ताबा देण्यात येत आहे" असं घुसडलं असेल तर ते बदलून घ्या.

मुदत अकराच महिन्यांची का? नोंदणी कायदा, १९०८ प्रमाणे एक वर्षाहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची आहे, ती चुकवायला देशभर अकरा महिन्यांची पद्धत पडली. महाराष्ट्रात ही पळवाट चालत नाही, ते पुढच्या पायरीत. तरीही मी अकराच महिने ठेवते, वेगळ्या कारणाने. कलम २४ चा रस्ता मुदत संपल्यावरचा आहे. तीन वर्षांचा करार केलात आणि पाचव्या महिन्यात बिनसलं, तर त्या रस्त्याला लागायलाच वाद होतात. दरवर्षी नवा करार करायचा त्रास मला परवडतो.

६. नोंदणी: इथे सुटका नाही

१९९९ च्या कायद्याचं कलम ५५ नीट वाचा. लायसन्सचा करार लेखी हवा आणि नोंदवलेला हवा, मुदत कितीही असो. नोंदवण्याची जबाबदारी घरमालकाची. नोंदवला नाही तर मालकाला ३ महिन्यांपर्यंत कैद, किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण मला खरी भीती वाटते ती याच कलमातल्या दुसऱ्या वाक्याची: नोंदणी नसेल तर कोणत्या अटींवर घर दिलं याबद्दल भाडेकरू म्हणेल ते ग्राह्य धरलं जाईल, उलट सिद्ध करायचं ते तुम्ही. त्याने सांगितलं भाडं बारा हजार ठरलं होतं, की बसा तुम्ही बावीसचा पुरावा शोधत. नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे. शंभरदा सांगितलं तरी हे कमीच आहे.

खर्चाच्या नावाने घाबरू नका. मुद्रांक शुल्क मुदतीच्या एकूण भाड्यावर, अधिक परतीच्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के दराने धरलेलं व्याज, यांच्या बेरजेच्या ०.२५ टक्के. म्हणजे २२,००० रुपये भाडं, अकरा महिने: २,४२,०००. डिपॉझिट ८०,०००, त्याचं वर्षाचं व्याज ८,००० धरू. बेरीज अडीच लाख, शुल्क ६२५ रुपये. नोंदणी फी महापालिका हद्दीत १,०००, ग्रामीण भागात ५००. वर किरकोळ शुल्क आणि घरी येणाऱ्या माणसाची मजुरी. हे सगळं निम्मं-निम्मं वाटून घेतात.

राज्याच्या नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर ई-रजिस्ट्रेशनची सोय आहे. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात जावं लागत नाही. स्वतः भरता येतं, पण पहिल्यांदा तरी अधिकृत सेवा देणाऱ्याला बोलवा. तो लॅपटॉप, कॅमेरा आणि अंगठा घ्यायचं यंत्र घेऊन घरी येतो. आमच्या सासूबाई सहमालक. त्यांचा अंगठा काही केल्या लागेना. आयुष्यभर भांडी घासून रेषाच पुसट झालेल्या. हात धुवून, पुसून, थोडं खोबरेल लावून, शेवटी तर्जनीवर सातव्या प्रयत्नाला हिरवा दिवा लागला. घरात वयस्कर मालक असेल तर सेवा देणाऱ्याला तसं आधी सांगा आणि आधारमधला मोबाईल नंबर चालू आहे ना ते बघा, कारण ओटीपी तिथेच जातो.

अंगठा दिला म्हणजे झालं असं समजू नका. निबंधकाकडून मंजुरी आल्यावर नोंदणीकृत प्रत आणि इंडेक्स टू डाउनलोड होतात. ते हातात येईपर्यंत एजंटाचे शेवटचे पैसे देऊ नका. आणि तोपर्यंत किल्लीही देऊ नका, सामानाचा टेम्पो दारात उभा असला तरी!

७. पोलिसांना माहिती

शहरांमध्ये पोलीस आयुक्त वेळोवेळी आदेश काढतात की घर भाड्याने देणाऱ्याने भाडेकरूची माहिती पोलिसांना द्यावी. पूर्वी हे आदेश फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ खाली निघत. १ जुलै २०२४ पासून त्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १६३ आहे. आदेश मोडला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २२३ खाली गुन्हा दाखल होतो, आणि तो मालकावर, भाडेकरूवर नव्हे.

पुणे, मुंबईत ही माहिती ऑनलाइन भरता येते. दोघांचे फोटो, ओळखपत्रं, भाडेकरूचा मूळ गावचा पत्ता, नोकरीचं ठिकाण, त्याला ओळखणाऱ्या दोघांची नावं-नंबर आणि कराराची प्रत लागते. पावती जपून ठेवा. ही पावती म्हणजे पोलिसांनी दिलेलं चारित्र्य प्रमाणपत्र नव्हे. "पोलीस व्हेरिफिकेशन झालंय" याचा अर्थ बहुतेक वेळा एवढाच की तुम्ही माहिती दिली आहे. पारखायचं काम तुमचंच.

परदेशी नागरिक ठेवलात तर तो आल्यापासून २४ तासांच्या आत त्याची माहिती ऑनलाइन द्यावी लागते. पुण्यात परदेशी विद्यार्थी बरेच, म्हणून मुद्दाम लिहिलं.

आत काय चाललंय याची जबाबदारी मालकावर कधी येते? जाणूनबुजून जागा वापरू दिली असेल तर. अमली पदार्थविरोधी कायदा (१९८५) आणि अनैतिक व्यापार प्रतिबंध कायदा (१९५६), दोन्हीत अशा मालकाला शिक्षा आहे. नोंदवलेला करार, पोलिसांची पावती आणि शंका आल्याबरोबर केलेली लेखी तक्रार, एवढं असलं तर "मला माहीत नव्हतं" या म्हणण्याला वजन येतं.

८. सोसायटी

आदर्श उपविधींप्रमाणे (सहकारी सोसायट्यांसाठीचे नमुना नियम) लायसन्सवर घर द्यायला सोसायटीची परवानगी लागत नाही. कळवावं लागतं आणि कराराची व पोलिसांच्या पावतीची प्रत द्यावी लागते. भोगवटेतर शुल्क, म्हणजे मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी लावते ते नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस, सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त लावता येत नाही. २००१ चा शासन आदेश आहे. सेवाशुल्कात मिळकतकर धरायचा नाही. कमिटीने जास्त लावलं तर भांडण न करता आदेशाचा हवाला देऊन पत्र द्या. आमच्याकडे पत्रानेच काम झालं.

९. किल्ली देताना

अर्धा तास काढा. रिकाम्या घरात फोन घेऊन फिरा आणि एकच सलग व्हिडिओ करा: भिंती, फरशा, खिडक्यांच्या काचा, नळ उघडून, गीझर लावून, फ्लश ओढून. विजेच्या मीटरचा आकडा दिसेल असा फोटो. पंखे किती, ट्यूब किती, किल्ल्या किती. यादीवर दोघांच्या सह्या आणि व्हिडिओ त्याच मिनिटाला भाडेकरूला पाठवून द्या, म्हणजे तारीख-वेळ दोघांच्याही फोनमध्ये राहते. बाथरूममधली तडकलेली फरशी आधीपासूनची आहे हे त्याच्याही फायद्याचं, म्हणून कोणी नाही म्हणत नाही.

१०. उत्पन्नाचा कर

भाडं उत्पन्नात दाखवा. मिळकतकर वजा करून उरलेल्या रकमेवर ३० टक्के सरसकट वजावट मिळते, तिला पावत्या लागत नाहीत. महिन्याचं भाडं ५०,००० च्या वर असेल तर भाडेकरूने २ टक्के टीडीएस (भाडं देतानाच कापून सरकारकडे भरायचा कर) कापायचा असतो. मालक अनिवासी भारतीय असेल तर गणित वेगळं, दर बराच मोठा आणि ही मर्यादाही नाही. तिथे सीए गाठा. "रोखीत द्या, दाखवू नका" असं सांगणारे भेटतील. रोखीत घेतलेलं भाडं थकलं तर थकलं हेही सिद्ध करता येत नाही, एवढं त्यांना सांगा.

११. भाडं थकलं किंवा मुदत संपूनही जात नाही

काय करू नये ते आधी. कुलूप बदलू नका. सामान बाहेर काढू नका. वीज-पाणी तोडू नका. भाडेकरूच्या अत्यावश्यक सेवा मालकाने बंद करू नयेत असं कलम २९ सांगतं. विशिष्ट अनुतोष कायदा, १९६३ च्या कलम ६ प्रमाणे तर कायदेशीर मार्ग सोडून बाहेर काढलेला माणूस ६ महिन्यांच्या आत दावा लावून ताबा परत मागू शकतो, आणि तिथे घर कोणाच्या नावावर आहे हा प्रश्नच येत नाही. मी चौदाव्या महिन्यात कुलूपवाल्याला फोन केला होता. वकिलांनी अडवलं नसतं तर मीच आरोपी झाले असते.

आता काय करायचं. मुदत संपायच्या दीड महिना आधी मेसेज आणि ईमेल: करार अमुक तारखेला संपतोय, नवा करायचा आहे की नाही कळवा. तारीख उलटली तर वकिलाकडून नोटीस. मुदत संपल्यावर काही न बोलता नेहमीसारखं भाडं घेत राहू नका; त्यातून "मालकाने तोंडी मुदत वाढवली" असा बचाव उभा राहतो. मग कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे (अशा प्रकरणांसाठी सरकारने नेमलेला अधिकारी) अर्ज. लेखी करारात जे लिहिलंय ते तिथे निर्णायक पुरावा मानलं जातं. समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत भाडेकरूला प्रतिज्ञापत्र देऊन लढण्याची परवानगी मागावी लागते. ती त्याने मागितली नाही किंवा मिळाली नाही, तर तुमचं म्हणणं मान्य समजून आदेश निघतो. शिवाय मुदतीनंतरच्या काळासाठी लायसन्स फीच्या, म्हणजे करारातल्या भाड्याच्या, दुप्पट दराने नुकसानभरपाई मागता येते. हे दुप्पटीचं कलम नोटिशीत ठळक लिहायला सांगा. माझ्या ओळखीच्या दोघांचं घर निव्वळ त्या ओळीवर रिकामं झालं.

मुदतीच्या मध्येच भाडं थकलं असेल तर करार संपवण्याची तरतूद बघून, वकिलाशी बोलून मगच पाऊल टाका. आणि आधी एकदा समोर बसून बोला. नोकरी गेलेल्या माणसाला कधीकधी महिनाभराची मुदत आणि डिपॉझिट परत मिळण्याची खात्री, एवढंच हवं असतं.

१२. घर परत घेताना

दिवसाउजेडी जा. जुना व्हिडिओ फोनवर लावून त्याच क्रमाने फिरा. भिंतीवरचे खिळे, फिकट झालेला रंग ही वापरातली झीज. त्याचे पैसे कापणं बरं दिसत नाही आणि टिकतही नाही. तुटलेलं बेसिन कापा, दुरुस्तीचं बिल दाखवून. मीटरचा आकडा घेऊन शेवटच्या वीज-गॅस बिलाचा हिशेब तिथेच करा. "घर रिकामं, कुलूपबंद, अमुक तारखेला ताब्यात मिळालं, डिपॉझिट अमुक रक्कम परत, कोणाचं काही देणं नाही" अशा तीन ओळी, दोघांच्या सह्या. सह्या झाल्या की तिथे उभं राहूनच डिपॉझिट ट्रान्सफर करा.

नर्सबाई गेल्या तेव्हा किल्ल्या मोजल्या, यादीत तीन होत्या, हातात दोनच आल्या. तिसरी वॉचमनकडे ठेवलेली त्या विसरल्या होत्या. खाली जाऊन आणली, आणि मग मी मोबाईलवर पैसे पाठवले.